नदीची खतावणी

प्रश्न : उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून आमची बारा एकर शेती आहे. उन्हाळा लागला की पाणी हिरवंगार होतं, वास सुटतो, मोटारीच्या जाळीला शेवाळ गुंडाळतं. आम्ही म्हणतो ही पुण्याची घाण. पुण्याचे पाहुणे म्हणतात, तुमच्या उसाचं खत. परवा एका व्याख्यानात ऐकलं, की पाणलोट क्षेत्राचं संगणकावर ‘मॉडेल’ करून कोणाचा वाटा किती ते काढता येतं. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? बाटली भरून प्रयोगशाळेत दिली की कळत नाही का? आणि संगणकाला आमच्या ओढ्यातलं काय कळणार?
– एक शेतकरी वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : आधी बाटलीबद्दल. बाटली खोटं बोलत नाही, पण तिला पत्ता माहीत नसतो. एका दिवशी, एका घटकेला, काठावरच्या एका जागी पाण्यात नायट्रेट किती, फॉस्फेट किती, विरघळलेला प्राणवायू किती, एवढं ती चोख सांगते. ते नायट्रेट पिंपरीतल्या न्हाणीतून निघालं की भिगवणकडच्या उसाच्या सरीतून, हे त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं. नत्राची समस्थानिकं तपासून सांडपाणी की खत याचा थोडाफार माग लागतो. फॉस्फरसच्या बाबतीत तेवढीही सोपी खूण नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. समजा, एप्रिलमध्ये नदी सेकंदाला ५ घनमीटर वाहते आहे आणि लिटरमागे १० मिलिग्रॅम नत्र आहे. दिवसाचा हिशेब होतो ४,३२० किलो. आता जुलैचा पूर घ्या. सेकंदाला ५०० घनमीटर पाणी, आणि लिटरमागे नत्र फक्त २ मिलिग्रॅम. बाटली म्हणेल, पाणी पाचपट सुधारलं. धरणात मात्र त्या एका दिवसात ८६,४०० किलो नत्र येऊन पडलं, म्हणजे एप्रिलच्या वीसपट. (आकडे समजावण्यासाठी घेतलेत, गुणाकार खरा आहे.) आणि पुराच्या दिवशी पुलावर बाटली घेऊन उभं कोण राहतं? नमुने बहुधा महिन्यातून एकदा, सुट्टी नसलेल्या आणि ऊन पडलेल्या दिवशी घेतले जातात.

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसभर आलंगेलं जसंच्या तसं लिहायचं आणि खतावणीत ते प्रत्येकाच्या नावाच्या खात्यावर चढवायचं. बाटली म्हणजे रोजकीर्दीतली एक ओळ, तीही अशा वहीतली जिची मधली पानं गहाळ आहेत. पाणलोटाचं मॉडेल म्हणजे खतावणी. शहराचं खातं वेगळं, उसाचं वेगळं, जंगलाचं वेगळं, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज धरणाशी येणाऱ्या पाण्याशी जुळली पाहिजे. (खताच्या हिशेबाला खतावणी म्हणायचं, हा श्लेष आयताच मिळाला.)

आता ओढ्याकडे येऊ. संगणकाला ओढा कळत नाही हे तुमचं खरं आहे. त्याला उतार कळतो. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अमेरिकी अवकाशयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीची उंची मोजली. ते आकडे आज फुकट मिळतात, साधारण तीस-तीस मीटरच्या चौकटींत. तुमच्या बारा एकरांत अशा पन्नासएक चौकटी बसतील. संगणक प्रत्येक चौकटीला एकच गोष्ट विचारतो : तुझ्या आठ शेजाऱ्यांपैकी कोणाच्या दिशेने उतार सगळ्यात जास्त? पाणी तिकडे. असं करत करत ओघळी उमटतात, ओघळींचे ओढे होतात, ओढ्यांची नदी होते, आणि ज्या माथ्यावरून पाणी इकडे की तिकडे ठरतं ती पाणलोटाची रेघ आपोआप निघते. पाणलोट विकासाच्या कामात आपण ‘माथा ते पायथा’ म्हणतो, तेच हे.

त्या उतारावर मग जमिनीचा वापर आणि मातीचा प्रकार चढवायचा. ऊस, ज्वारी, गवत, जंगल, सिमेंट. काळी भारी माती, मुरमाड माळ. माती, पीक आणि उतार ज्यांचा सारखा, त्या जमिनीचा एक तुकडा धरायचा. या कामाला सर्वाधिक वापरलं जाणारं एक मॉडेल म्हणजे ‘स्वॉट’. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जेफ अरनॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सासमधल्या टेम्पल या गावी तयार केलं. तेही फुकट मिळतं. हे मॉडेल प्रत्येक तुकड्याचा रोजच्या रोज जमाखर्च मांडतं : पाऊस किती पडला, किती मुरला, पिकाने किती प्यायला, उन्हाने किती उडाला, किती वाहून गेला.

किती वाहून गेला, हे ठरवण्याची एक रीत सांगतो, कारण सगळ्या मॉडेलचा जीव तिथे आहे. अमेरिकेच्या मृद्संधारण खात्याने १९५०च्या दशकात जमिनीच्या प्रत्येक प्रकाराला शंभरपैकी गुण दिले. जितके गुण जास्त, तितकं पाणी जास्त वाहणार. डांबर-सिमेंटला ९८, काळ्या भारी मातीतल्या सरळ ओळींच्या पिकाला ८९ च्या आसपास, मुरणाऱ्या मातीवरच्या चांगल्या दाट जंगलाला ५५. आता तिन्हींवर एकाच दिवशी ५० मिलिमीटर पाऊस पाडा आणि सूत्रात आकडे घाला. सिमेंटवरून ४४ मिलिमीटर वाहून जातो, काळ्या रानातून सुमारे २५, आणि जंगलातून अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजे एक हेक्टर पार्किंग साडेचार लाख लिटरच्या जवळपास पाणी नाल्यात लोटतं, रस्त्यावरचं तेल, शेण आणि प्लास्टिक बरोबर घेऊन.

वाहणारं पाणी दोन प्रकारचा माल नेतं. नायट्रेट पाण्यात विरघळतं, म्हणून ते झिरपून विहिरीतही उतरतं. फॉस्फरस मातीच्या बारीक कणांना चिकटून प्रवास करतो. म्हणून फॉस्फरसचा हिशेब म्हणजे बऱ्याच अंशी मातीच्या धुपीचा हिशेब. त्यासाठी विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये रूढ केलेलं एक सूत्र आजही चालतं : पावसाचा मारा, मातीचा ठिसूळपणा, उताराची लांबी, उताराचा चढ, पिकाचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती, या सहा आकड्यांचा नुसता गुणाकार. गुणाकार आहे हे लक्षात घ्या. एक आकडा अर्धा केला की सगळी धूप अर्धी. समतल बांध घातला की शेवटचा आकडा घसरतो. तुमच्या गावात पाणलोटाची कामं झाली तेव्हा उद्देश पाणी मुरवण्याचा होता. बांधाच्या आत माती राहिली आणि मातीबरोबर डीएपीतला फॉस्फरसही राहिला, हा फायदा कोणी फलकावर लिहिला नाही.

पण नुसत्या उतारावर भरवसा ठेवला की फजिती होते. मुळशीचं उदाहरण घ्या. उंचीच्या नकाशावरून मॉडेल म्हणेल, मुळशी धरणातलं पाणी मुळा नदीने पुण्याला येतं. प्रत्यक्षात टाटांच्या वीजप्रकल्पासाठी ते उलट्या दिशेला, घाटाखाली भिऱ्याला सोडलं जातं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. सेनापती बापटांचा सत्याग्रह ज्या धरणाविरुद्ध झाला, त्याचं पाणी कोकणात जातं, हे संगणकाला माणसानेच सांगावं लागतं. पावसाचंही तसंच. घाटमाथ्यावर वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर आणि पन्नासएक किलोमीटर पूर्वेला पुण्यात सातशे-साडेसातशे. मधल्या डोंगरांत पर्जन्यमापक विरळ. तिथे पाऊस किती हे चुकलं की खालचे सगळे आकडे चुकीच्या पायावर उभे.

तरीही काम झालेलं आहे. पुण्यापर्यंतच्या मुळा-मुठेच्या सुमारे २,०३६ चौरस किलोमीटर पाणलोटावर जर्मनीतल्या आणि पुण्यातल्या संशोधकांनी ‘स्वॉट’ चालवून पाहिलं. १९८९ ते २००९ या वीस वर्षांत तिथलं शहरी क्षेत्र ५.१ टक्क्यांवरून १०.१ टक्क्यांवर गेलं आणि शेती ९.७ वरून १३.५ टक्क्यांवर. एवढं होऊनही सगळ्या खोऱ्याचा पाण्याचा ताळेबंद फारसा हलला नाही, कारण एकीकडची वाढ दुसरीकडच्या घटीने भरून निघाली. पण शहर जिथे पसरलं त्या उपखोऱ्यांत पाण्याचं येणं ७.६ टक्क्यांपर्यंत वाढलं. हा अभ्यास पाण्याचा होता, घाणीचा नव्हे. पण घाणीचा हिशेब याच पायावर चढतो, आणि त्यातून एक गोष्ट कळते : सरासरी ही फार बेरकी असते. खोऱ्याच्या सरासरीत काहीच झालेलं नसतं आणि एका नाल्यावर सगळं झालेलं असतं.

नदीत पडल्यावर घाणीचं काय होतं, ही आणखी निराळी गोष्ट. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये ओहायो नदीवर त्याचं गणित मांडलं. मैला पाण्यात पडला की जिवाणू तो खायला लागतात आणि खाताना प्राणवायू वापरतात. वरून हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळत असतो, पण त्याचा वेग कमी पडतो. त्यामुळे प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो नाल्याच्या तोंडाशी नव्हे, तर तिथून बऱ्याच अंतरावर, खालच्या गावापाशी. मासे मरतात खालच्या गावात आणि घाण करणारं गाव म्हणतं, आमच्याकडे तर मासे जिवंत आहेत.

आता तुमचं आणि पाहुण्यांचं भांडण. उजनीच्या टक्केवारीचा निकाल मी घरबसल्या देणार नाही, पण भांडणाची मांडणी चुकते कुठे ते सांगता येतं. शहराचा मैला रोज येतो, बारा महिने, पाऊस असो नसो. शेतातलं खत पावसाबरोबर येतं, काही मोजक्या दिवसांत. म्हणून एप्रिलच्या नदीत तुमचा युक्तिवाद जिंकतो आणि जुलैच्या पुरात पाहुण्यांचा निदान ऐकून घ्यावा लागतो. मात्र जुलैचा फॉस्फरस जुलैतच संपत नाही. तो गाळाबरोबर ११७ टीएमसीच्या त्या धरणाच्या तळाशी बसतो, आणि उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपला की गाळातून सुटून पुन्हा पाण्यात येतो. मे महिन्यातल्या हिरव्या पाण्यात कालचा मैला आणि गेल्या कित्येक पावसाळ्यांची माती, दोन्ही असतात. महिनावार आणि खातेवार असं वेगळं काढायला मॉडेल लागतं. बाटलीला ते जमत नाही.

प्रश्न : पण मॉडेल म्हणजे शेवटी अंदाजच. नदी तशीच घाण आणि कागदावर प्रदूषण कमी झालं, असं दाखवायला हे सोयीचं साधन नाही का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आहे. आणि हे घडून गेलेलं आहे, तेही जगातल्या सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या पाणलोटात.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाचं आखात आहे. त्याचं पाणलोट क्षेत्र सुमारे १,६६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त. सहा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन त्यात येतात. कोंबड्यांची खुराडी, दुभत्या गुरांचे गोठे, मक्याची रानं, शहरांचा मैला, सगळं शेवटी एका उथळ आखातात. तिथले खेकडे आणि कालवं कमी होऊ लागली तशी ओरड झाली. मग सत्तरच्या दशकात तिथल्या लष्कराच्या अभियंत्यांनी केंट बेटावर एका अवाढव्य छपराखाली, कित्येक एकरांत, अख्ख्या आखाताची काँक्रीटची प्रतिकृती बांधली. आपल्याकडे खडकवासल्याच्या जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना कल्पना येईल. पण संगणक स्वस्त झाले आणि काही वर्षांतच ते छप्पर ओस पडलं.

१९८३ मध्ये राज्यांनी करार केला आणि पुढचा हिशेब संगणकावर सुरू झाला. शेतकऱ्याने ओढ्याकाठी झाडोऱ्याचा पट्टा लावला की मॉडेलमध्ये तेवढं नत्र वजा. गोठ्याचं शेणखत झाकून ठेवलं की तेवढं वजा. वजाबाक्या होत गेल्या, अहवाल चांगले निघत गेले. आखातातलं पाणी मात्र त्या वेगाने सुधारेना. शेवटी अमेरिकेच्या संसदेच्या हिशेबतपासनीस संस्थेने २००५ मध्ये स्पष्ट लिहिलं, की या कार्यक्रमाचे अहवाल आखाताच्या तब्येतीचं नीट चित्र देत नाहीत. प्रत्यक्ष मोजलेलं आणि मॉडेलने भाकीत केलेलं एकाच पंगतीत वाढलं जात होतं. पट्टा लावला म्हणजे नत्र थांबलं, असं धरून चालणं म्हणजे औषध आणलं म्हणजे ताप उतरला, असं लिहून ठेवणं.

यात लबाडी किती आणि भाबडेपणा किती, हा वादाचा विषय आहे. मला भाबडेपणा जास्त वाटतो, कारण एक कारण खरोखर जमिनीखाली होतं. त्या आखाताच्या पूर्वेकडच्या भागात भूजलातून ओढ्यात येणारं नायट्रेट वीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या पावसातलं असतं. आजोबांनी टाकलेलं खत नातवाच्या ओढ्यात उगवतं. आज खत निम्मं केलं तरी ओढा तसाच, आणि अधिकाऱ्याला मात्र दर वर्षी प्रगती दाखवायची.

म्हणून मॉडेल फेकून दिलं का? नाही. २९ डिसेंबर २०१० रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने त्याच मॉडेलच्या सुधारलेल्या आवृत्तीवरून त्या आखाताला पथ्य लावून दिलं. आखाताचे ९२ भाग पाडून एकंदर कमाल मर्यादा ठरली : वर्षाला नत्र १८.५९ कोटी पौंड, म्हणजे सुमारे ८४ हजार टन, फॉस्फरस १.२५ कोटी पौंड आणि गाळ ६४५ कोटी पौंड. मग त्यातला प्रत्येक राज्याचा वाटा. आपल्याकडे पाणीवाटपाचे लवाद असतात ना, किती टीएमसी कोणाला हे ठरवणारे? हा घाणीच्या वाटपाचा लवाद म्हणा. मॉडेल नसतं तर हे वाटप झालंच नसतं, कारण प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवून मोकळा झाला असता.

आणि मग धरणाने घोळ घातला. सस्क्वेहॅना नदीवर, आखाताच्या थोडं वर, १९२८ मध्ये बांधलेलं कॉनोविंगो धरण आहे. आखातात येणाऱ्या गोड्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं या एका नदीचं. हे धरण वर्षानुवर्षं गाळ आणि त्याला चिकटलेला फॉस्फरस अडवत होतं, आणि ते पुढेही अडवत राहील असं मॉडेलमध्ये धरलं होतं. पण जलाशय अपेक्षेच्या आधीच गाळाने भरून आला. आता जेवढं येतं तेवढं पुढे जातं, आणि मोठ्या पुरात साठलेलंही उकरून जातं. राज्यांना नव्याने साठ लाख पौंड नत्र, म्हणजे सुमारे २,७०० टन, कमी करण्याचं काम अंगावर आलं. सगळी कामं २०२५ पर्यंत पुरी करायची होती; ती पुरी झाली नाहीत. उजनीच्या गाळावर आपल्याकडे बोलताना कॉनोविंगो आठवावं, असं मला वाटतं. धरण पाणी साठवतं तशी वरच्यांची पापंही साठवतं, आणि दोन्हींना जागा मर्यादित असते.

तेव्हा मॉडेलवर विश्वास ठेवण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली : कोणत्या वर्षांच्या मोजमापावर ते जुळवून घेतलं आणि कोणत्या वर्षांवर तपासलं? दोन्ही एकच असतील तर तो विद्यार्थी पाठ केलेल्या प्रश्नपत्रिकेत पास झालेला आहे. तपासणीसाठी नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० मध्ये दिलेला एक गुणांक वापरतात. तो १ आला तर तंतोतंत. शून्य आला, तर रोज डोळे मिटून सरासरी आकडा लिहिला असता तरी एवढंच जमलं असतं. दुसरी : पाण्याचं जुळलं की घाणीचंही? वाहत्या पाण्याचे आकडे छान जुळवून त्याच गुणांवर नायट्रेटची टक्केवारी खपवणारे अहवाल असतात. शिवाय दोन चुका एकमेकींना झाकतात. जमीन जास्त मुरवते असं धरलं आणि खतही जास्त पडतं असं धरलं, तर बेरीज बरोबर येईल. पण उद्या खत कमी करा म्हणून सांगितलं, की उत्तर चुकेल.

प्रश्न : आमच्या गावाच्या एका ओढ्यासाठी असं मॉडेल करता येईल का?
– वाचक, करमाळा

उत्तर : करता येईल, पण करू नका. चार-पाच चौरस किलोमीटरच्या ओढ्यासाठी तीस मीटरच्या चौकटी आणि तालुक्याच्या पर्जन्यमापकाचा पाऊस ढोबळ पडतो. जो जाणकार शिवार फिरून आलेला आहे त्याला जे दिसतं, ते संगणकाला दोन महिन्यांनी दिसेल. मॉडेलची खरी गरज खोऱ्याला असते, जिथे कोणीच सगळं फिरलेलं नसतं.

ओढ्याकाठी करायचंच असेल तर शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवा आणि पुलाच्या खांबावर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा करून रोज सकाळी पाण्याची उंची वहीत लिहा. उद्या कोणी खोऱ्याचं मॉडेल करायला आलं, तर ही वही त्याला सगळ्यात आधी लागेल. आणि पाण्याचा नमुना ऊन पडल्यावर नका घेऊ. पहिल्या मोठ्या पावसात ओढा चहासारखा लाल-गढूळ वाहत असताना घ्या, एक पाणी चढताना आणि एक उतरताना. बाटलीवर तारीख, वेळ आणि खांबावरची उंची लिहा, बर्फात ठेवा आणि चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा.